येणे

डिचोलीच्या मामलेदार कचेरीसमोर
पिंपळाखाली नव्हे, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर
माझं टेबल.
मराठीत सांगा, कोंकणीत रडा,
अर्ज इंग्रजीत होईल. पन्नास रुपये.

बँकेच्या फॉर्मात नववा रकाना असतो :
पैसे कुठून येणार.
इथवर आलं की लोक थांबतात,
पेन माझ्या हातात असूनही
स्वतःचीच बोटं पुसतात.

रोहिदास गावस म्हणाला, खाण सुरू झाली की येतील.
(त्याच्या ट्रकच्या हौद्यात आता तेरं उगवलंय.)
लाडू माजीक म्हणाला, भावाने द्यायलाच हवेत.
प्रेमावती नुसती वर बघून, यावेत.
एकाचा भरवसा, एकाचं भांडण, एकीचा नवस,
आणि मी तिघांसाठी तेच लिहिलं :
इज टू कम फ्रॉम.
मॅनेजरला आवाज ऐकू जात नाहीत.
त्याला फक्त टू दिसतो.

शाळेत आगुश्तीन सर सांगायचे,
इन्फिनिटिव्हला काळ नाही, पुरुष नाही, वचन नाही,
क्रियापदांतला तो ब्रह्मचारी.
मग उद्याचं सगळं त्याच्याच खांद्यावर का, सर?
सरांनी खडू झटकला.
ज्याचं घरदार नसतं रे,
त्यालाच लोक निरोप देऊन पाठवतात.

टू म्हणजे नार्वेच्या धक्क्यावरून दिसणारी
दिवाडीकडची फेरीबोट.
दिवा लागलाय, इंजिनाची घरघर येतेय,
पण ती निघालीय
की तिकडे अजून चहाच चाललाय,
या काठावरून कळत नाही.

पेपरवाले तर इज-सुद्धा गिळतात.
वॉटर टू कम फ्रॉम तिळारी :
शेजारच्या सलूनात आरशाला चिकटवलेलं कात्रण
पार पिवळं पडलंय.
त्याच्याखाली उभा राहून न्हावी
बादलीतलं पाणी जपून शिंपडतो.

आपल्याकडेही आहे म्हणा.
वाण्याच्या वहीत वाट बघून बघून
क्रियापदाचं नाम झालं : येणे.
माझ्याही वहीत आहे. गावस पन्नास, माजीक पन्नास,
प्रेमावतीने वीस दिले, तीस येणे.

मार्चात पिएदाद आली होती, नार्वेची,
कौलं बदलायला कर्ज हवं म्हणून.
नवव्या रकान्याशी ती अडखळलीसुद्धा नाही.
पूत तारवार आसा. धाडटलो.
मी लिहिलं, फंड्स आर टू कम फ्रॉम द सन.
इतकं सरळ वाक्य त्या दिवसात दुसरं नव्हतं.

काल ती परत आली, कंपनीचं पत्र घेऊन.
वाचून दाखवलं : जहाज विकलं,
माणसं उतरवली.
कुठल्या बंदरात, ते पत्रात नाही.
फोन लागत नाही, ती म्हणाली,
जणू फोनचीच काही चूक असावी.

इंग्रजीत याचीही सोय आहे.
वर टू हॅव कम.
यायचे होते.
आले नाहीत हे लिहावंसुद्धा लागत नाही,
एका हॅवमध्ये सगळं बसतं.
आगुश्तीन सरांनी हा धडा शेवटच्या आठवड्यात,
घाईत, जवळजवळ डोळे चुकवून शिकवला होता.

मी पेनाचं टोपण काढलं.
पिएदादने फॉर्मावर तळहात ठेवला.
आसूं दी तें. पयलेंच बरें.
मग फॉर्मची घडी घातली, पिशवीत सरकवली,
आणि पन्नासची नोट शोधायला लागली.
राहू दे, म्हटलं, वहीत मांडतो.

कितें बरयलें?
येणे.
बरें, ती म्हणाली,
आणि नार्वेची बस अजून आली नव्हती म्हणून
पायरीवर
माझ्या शेजारीच बसली.